भुऱ्याचा वाटा

डोणगावच्या बाजारात शकूरभाईंचं मटणाचं छोटं दुकान आहे. आमच्या घरातलं कुणी कधी त्या गल्लीनं जात नसे. माझ्या सासूबाई रुखमाबाई माळकरी. मी सून म्हणून आले त्याला बारा वर्षं झाली, पण आमच्या चुलीवर अजून अंडंसुद्धा शिजलेलं नाही. तरी आमच्या घरावर कुणाचे उपकार आहेत असं कुणी विचारलं, तर मी शकूरभाईंचंच नाव घेईन.

त्याचं कारण आमचा कुत्रा, भुऱ्या.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई सकाळी हरभऱ्यात गेल्या होत्या. शेजारच्या तुरीतून रानडुक्कर थेट त्यांच्या अंगावर आलं. भुऱ्या मध्ये पडला. डुकरानं त्याची मांडी फाडली, तरी सासूबाई शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पोहोचेपर्यंत त्यानं डुकराला सोडलं नाही. जखम भरली. तेव्हापासून घरात पहिली भाकर भुऱ्याची. त्याआधी त्याला अंगणातून हाकलणाऱ्या सासूबाईच होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात भुऱ्या वाळायला लागला. खाणं मात्र दुप्पट झालं. दिलेलं संपवायचा, भांडं चाटायचा, गोठ्यातलं शेणही खायचा. शी ढीगभर, फिकट, तेलकट, आणि वास असा की नाक धरावं लागे. बरगड्या मोजता येतील अशी त्याची गत झाली. एक दिवस शेजारचे रंगराव सगळ्यांसमोर म्हणाले, "काऊन हो काकू, कुत्र्याले उपाशी ठेवता काय?"

सासूबाई घरात येऊन पदर तोंडाला लावून रडल्या. "ज्यानं माहा जीव वाचवला, त्याच्या तोंडचं मी काढते असं वाटते लोकायले."

आम्ही जंताचं औषध दिलं, ताक पाजलं, दुकानातून पचनाचं टॉनिक आणलं. कशाचा उपयोग झाला नाही. शेवटी माझे मालक, ज्ञानेश्वर, त्याला गाडीत घालून अकोल्याला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासून घेतलं आणि सांगितलं, "याचं स्वादुपिंड काम करत नाही. अन्न पचवणारा रस तिथं तयार होतो. तो रसच नाही, म्हणून खाल्लेलं तसंच बाहेर पडतं. तुम्ही पोटभर घालताय आणि हा उपाशी राहतोय." टॉनिक बंद करायला सांगून त्यांनी एक पावडर दिली. तो रसच त्या पावडरीत असतो. प्रत्येक जेवणात मऊ भातात नीट कालवून द्यायची, आणि जन्मभर द्यायची. सोबत जीवनसत्त्वाची इंजेक्शनं.

आठव्या दिवशी सासूबाईंनी मला अंगणातून हाक मारली. धावत गेले तर त्या शी दाखवत होत्या. "पाह्य निशा, कशी बांधून झाली!" एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर ज्ञानेश्वरांना नोकरी लागली त्या दिवशीही पाहिला नव्हता.

पण पावसाळ्यात ती पावडर यायची बंद झाली. अकोल्यातही मिळेना. डबा संपला आणि आठवड्याभरात भुऱ्या पुन्हा खंगला. मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तोवर बकऱ्याचं ताजं स्वादुपिंड बारीक करून जेवणात मिसळा. कच्चंच. शिजवलं की गुण जातो. नंतर हात साबणानं धुवा."

हे सासूबाईंना कसं सांगावं, या विचारात माझी दुपार गेली. सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "शकूरचं दुकान उघडं असंन काय आता?" आणि चपला घातल्या.

शकूरभाई पन्नाशीचे, बारीक अंगाचे. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. चौथीतून शाळा सुटली ती वडिलांच्या हाताखाली दुकानात बसण्यासाठी. सासूबाईंना पाहून त्यांनी हातातला सुरा खाली ठेवला, हात धुतले आणि बाहेर आले.

"मावशी, तुमी इकडे? निरोप पाठवाचा होता."

सासूबाईंनी सगळं सांगितलं. स्वादुपिंड म्हणजे काय, ते शकूरभाईंना कळेना. मी पोटात कुठं असतं ते हातानं दाखवत होते. आतून त्यांच्या बायकोनं, जमीलाभाभींनी, आवाज दिला, "अजी, लबलबा म्हणून राह्यल्या त्या!" भाभी उर्दू शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या.

"हाव हाव, लबलबा! ते तं मी फेकून देतो, मावशी."

"मग माह्या भुऱ्यासाठी ठेवशील काय, बापू?"

"रोज जनावर कापतो मी," शकूरभाई म्हणाले. "एक जगवाले भेटून राह्यलं, तं नाही कसं म्हणू?"

दुसऱ्या दिवसापासून सकाळी ते स्वतः यायचे. सासूबाईंच्या घरात मांस न्यायचं नाही म्हणून मागच्या दारी, गोठ्याच्या कडेला, दगडावर बसून आपल्याच सुऱ्यानं बारीक करून द्यायचे. तिसऱ्या दिवशी सासूबाई भाताचं भांडं घेऊन त्यांच्यासमोर बसल्या. "दे इकडे. कालवते मी." मी थबकले. त्यांनी माळ पदराखाली सारली आणि भात कालवला. नंतर अंघोळ केली, पूजा केली.

दुकान बंद असायचं त्या दिवसांसाठी जमीलाभाभी त्यांच्या फ्रीजरमध्ये वाटे बांधून ठेवत. रमजानात रोजा असूनही शकूरभाई चुकले नाहीत. गुडघे दुखायचे, तरी आमच्या गल्लीचा चढ चढून यायचे. रंगरावांनी एकदा विचारलं, "शकूर, काय भेटते तुले याचं?" शकूरभाईंनी भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. "पाहा ना, बरगडी लागत नाही आता हाताले."

सात महिन्यांनी पावडर पुन्हा मिळायला लागली. सासूबाईंनी ती आनंदानं शकूरभाईंना दाखवली. ते हसले, पण चेहरा जरा उतरला. "म्हणजे आता मी येऊ नको काय?"

"येत जा बापू. चहा प्याले येत जा," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी दोन्ही हात जोडले. "तुह्ये उपकार माह्याच्यानं फिटत नाही रे."

"हात नका जोडू, मावशी. मोठ्या आहा तुमी," म्हणत शकूरभाईंनी त्यांचे हात खाली केले. डोळे पुसायला चष्मा काढला, तर दोरा सुटून काडी खाली पडली. ती शोधण्यात आम्ही तिघंही वाकलो.

आता दर शुक्रवारी नमाजाला जाण्याआधी ते ओसरीवर बसतात. भुऱ्या गेटपासून त्यांच्या पुढे पुढे येतो आणि त्यांच्या पायांवर अंग टाकतो. परवा अकोल्याला भुऱ्याचं वजन केलं, पुन्हा पहिल्यासारखं सव्वीस किलो भरलं. घरी परत यायच्या आधी सासूबाईंनी मला पहिला फोन शकूरभाईंना लावायला सांगितला.