निळ्या डबीतलं भाषण

ताईच्या लग्नाची डिस्क निळ्या डबीत आली होती. घरच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये टाकली की नुसती घरघरायची आणि टीव्हीवर ‘नो डिस्क’ यायचं. बाबांनी ती बनियनच्या कापडाने पुन्हा पुन्हा पुसली. ‘कोरीच देली वाटते त्या व्हिडिओवाल्यानं,’ असं म्हणून शेवटी कपाटात ठेवून दिली. ती ब्ल्यू-रे आहे, तिला वेगळा ड्राइव्ह लागतो, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

बाबा सावनेरकडच्या कोळसा खाणीत कामाला होते. आमच्याकडे लग्नात त्रिसरण-पंचशील झालं की माणसं माइकवर दोन शब्द बोलतात. त्या दिवशी बाबाही बोलले, आयुष्यात पहिल्यांदाच. आई तेव्हा आतल्या खोलीत ताईची बॅग भरत होती, मी तिच्या हाताखाली होते. आम्हाला फक्त टाळ्या ऐकू आल्या. नंतर जो तो म्हणायचा, लई मस्त बोलले. काय बोलले, हे कोणाला नीट सांगता येईना. आईने विचारलं की बाबा लाजायचे. ‘काही नाही वं, असंच.’

पुढे बाबा आजारी पडले. शहरात, रामदासपेठेतल्या दवाखान्यात त्यांच्या घशात नळी होती. ते न बोलताच गेले.

मी कॉलेजात कम्प्युटरला प्रवेश घेतला, सक्करदऱ्यात खोली केली. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच. त्यामुळे आईच्या मते मला सगळं यायला हवं होतं. ती डिस्क पिशवीत घेऊन आली.

‘तू हेच शिकून राहिली नं? मंग लावून दे. मले त्यायचं भाषण ऐकाचं आहे.’

माझा लॅपटॉप जुना होता, विंडोज ओढत नव्हता म्हणून त्यावर फुकटात मिळणारं लिनक्स टाकलेलं. डबीवरचं ‘ब्ल्यू-रे’ आता कुठे वाचलं आणि वर्गातल्या मैत्रिणीकडून तसला ड्राइव्ह मागून आणला. डिस्क घातली, तर लॅपटॉपवरचा प्लेअर म्हणाला, ती वाचायला लागणारी लायब्ररी, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, नाही. ती टाकली, तर मेनूसाठी लागणारं जावा नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर नाही. इंटरनेटवर सगळे सांगत होते की ब्ल्यू-रेला कुलूप असतं, किल्ल्यांची फाइल शोधा. मी कितीतरी दिवस त्या किल्ल्या शोधत बसले. ते कुलूप विकत मिळणाऱ्या सिनेमांना असतं, लग्नाच्या डिस्कला कोण लावेल, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आई रोज फोनवर विचारायची, ‘झालं का?’ मी म्हणायचे, ‘होऊन राहिलं.’

शेवटी मेनू सोडून दिला आणि डिस्क नुसती फोल्डरसारखी उघडली. आतली सगळ्यात मोठी फाइल लॅपटॉपवर उतरवून घेतली. ती चालली.

रविवारी आई आली. मी फाइल पुढे सरकवत नेली. पांढरा सदरा घातलेले बाबा माइकजवळ आले, घसा खाकरल्यासारखं केलं आणि बोलू लागले. स्पीकरमधून सनई आणि त्यामागून सिनेमातलं गाणं येत होतं.

‘आवाज?’ आई म्हणाली.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. आवाजाचा दुसरा ट्रॅक शोधला. नव्हता. सेटिंग बदललं, दुसरा प्लेअर लावून पाहिला. तेच गाणं. मग डबीवरच्या नंबरावर फोन लावला.

‘ताई, भाषणं कोण ऐकते?’ तो व्हिडिओवाला म्हणाला. ‘माइक लई कचकच करते. आपण सगळ्यायच्याच लग्नात गाणं टाकतो.’

‘पण मूळचं असंल नं तुमच्याकडं?’

‘कॅमेऱ्याचं कार्ड पुसावं लागते, दुसऱ्या लग्नाले लागते नं.’ मग म्हणाला, ‘काहून, काही खास होतं का?’

मी फोन ठेवला.

‘त्याच्याकडं नाही?’ आईने विचारलं.

‘नाही.’

‘आन् तुह्या कम्प्युटरनं? गाणं काढून खालचा आवाज नाही निघत?’

‘खाली काही नाहीच आई. त्यानं पुसून वरून गाणं टाकलं.’

तिला हे कितपत कळलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, ‘मंग ते गाणं तरी बंद कर.’

मी आवाज बंद केला. बाबा बोलत होते. आई स्क्रीनच्या अगदी जवळ सरकली आणि त्यांच्या ओठांकडे पाहू लागली. ‘पोरी म्हणले का? का पावणे?’ मलाही कळेना. मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा. कॅमेरा लांब होता, माइक ओठांसमोर येत होता.

शेवटी बाबा बोलायचे थांबतात, डावीकडे वळून पाहतात आणि काहीतरी एवढंसं म्हणतात. मग लोक टाळ्या वाजवतात. डावीकडे आतल्या खोलीचं दार होतं.

‘तिकडं तर मी होती,’ आई म्हणाली.

मी फाइल थांबवली. बाबांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. आईने डिस्क डबीत घातली, डबी पदराने पुसली आणि पिशवीत ठेवली. मग म्हणाली, मैत्रिणीचा तो ड्राइव्ह परत करून टाक, तिले लागत असंल.