उडता धनेश टिपायला गेलो तेव्हा

काल वरातीत बार उडाले आणि जळक्या दारूच्या वासानं मला सूर्यमाळचं रान आठवलं. जव्हार संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. मला उडत्या पाखरांचे फोटो काढायचा नाद लागला होता. सोबतीला संस्थानातला जुना शिकारी धर्मा होता, ठासणीची बंदूक घेऊन.

समोरच्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी पिलांसह चिखलानं स्वतःला कोंडून, चोचीपुरती फट ठेवून बसली होती. नर चोचीत उंबर घेऊन येताना दिसला. मी कॅमेरा डोळ्याला लावून कुजबुजलो, "धर्मा, उडतानाच टिपायचा."

कानाशी बार झाला. नर गरगरत माझ्या पायाशी आपटला. चोचीतून उंबर आणि रक्त बरोबरच बाहेर आलं.

"अरे, फोटोत टिपायचा होता."

धर्मा हसला. "दादा, संस्थानात टिप म्हणजे गोळी. तुमच्या नव्या राज्यात काय हाय, मला काय ठाव?"

तेवढ्यात ढोलीतली मादी ओरडू लागली. त्याचं हसू गेलं. पडलेलं उंबर घेऊन तो वर चढला आणि त्यानं ते फटीत धरलं. तिनं चोचीनं त्याची बोटं फोडली. रक्त खोडावरून ओघळलं.

"हात काढ," मी म्हणालो.

"भुकेली हाय ती."

शेवटी तिनं उंबर घेतलं, त्याच्या बोटाच्या कातड्यासकट.