मामींची डोकेदुखी

कल्याणच्या खाडीपासून ठाण्याच्या खाडीपर्यंत जेवढी म्हणून डोकी दुखतात, त्या सगळ्यांशी माझ्या मामेसासूबाईंची जातीने ओळख आहे. डोकं दुखणारा माणूस त्या लांबून हेरतात. माझ्या लग्नात सगळं वऱ्हाड माझ्या शालूकडे बघत होतं, तेव्हा मामी माझ्या डाव्या भुवईकडे बघत होत्या. आहेर हातात देताना कानात म्हणाल्या, "एकाच बाजूला ठणकतंय ना? उजेड नको वाटतो? अगं, ही अर्धशिशी. घाबरू नकोस, मी आहे." तोवर माझ्या दुखण्याला आईने पित्त ठरवलं होतं आणि वागळे इस्टेटमधल्या आमच्या साहेबांनी कामचुकारपणा. मला स्टेजवरच रडू फुटलं. अल्बममध्ये ते माहेर सुटल्याचं रडू म्हणून खपून गेलंय.

मांडवपरतणं उरकतं न उरकतं तोच त्या मला ठाण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. "पेशंट कोण?" असं डॉक्टरांनी विचारल्यावर आम्ही दोघींनी हात वर केले. येताना रिक्षात माजिवड्याच्या सिग्नलला त्यांनी माझ्या पर्समधल्या गोळ्यांची पाकिटं बाहेर काढली. "ऊठसूट या खाल्ल्या ना, की यांनीच डोकं दुखायला लागतं. डॉक्टर सांगतील तेवढ्याच घ्यायच्या. मला हे कुणी वेळेत सांगितलंच नाही गं."

दर शनिवारी दुपारी डोंबिवलीला मामींच्या हॉलमध्ये आम्हा डोकेदुख्यांची बैठक भरते. पडदे ओढलेले, उदबत्ती बंद, मोगऱ्याचा गजरा दाराबाहेर काढून ठेवायचा आणि बोलायचं ते कुजबुजत. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी वर्गणी मागायला आले. अंधारात कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवून बसलेली माणसं बघून ते आल्या पावली परतले, आणि मामींकडे प्लँचेट चालतं ही बातमी खालपर्यंत पोहोचली. बैठकीचे नियम मामींनीच केलेत. पहिला, कुणी कुणाला सुंठ उगाळून लावायला सांगायचं नाही. दुसरा, दुखतंय म्हणणाऱ्याकडे पुरावा मागायचा नाही. पहिला नियम पाळताना कळव्याच्या बँकवाल्या काकांचा जीव जातो, पण दुसऱ्यासाठी आम्ही सगळे तिथे येतो.

यंदा पाडव्याच्या शोभायात्रेत मी कानात कापूस कोंबून कडेकडेने चालले होते. पुढे ढोल-ताशाचं पथक घुमत होतं आणि त्याला अगदी खेटून, भर उन्हात, नऊवारीतल्या मामी लेझीम खेळत होत्या! गॉगल नाही, काही नाही. मला बघताच त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि मला एका बंद दुकानाच्या पायरीवर ओढलं.

"दिवाळीपासून दुखलंच नाहीये गं," त्या चोरी पकडल्यासारख्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, वयाबरोबर थांबतं कधीकधी."

"अहो मामी, मग पेढे वाटा की!"

"पेढे कसले वाटायचे! जन्मभर घरचे म्हणत आले, हिची नाटकं. आता थांबलं म्हटलं तर म्हणतील, बघा, नाटकंच होती." मग म्हणाल्या, "आणि शनिवारी मी कुठे जाऊ? हॉल माझाच, पण बऱ्या माणसाला कोण बसू देईल तिथे?"

मला त्यांचा हेवा वाटला आणि भरूनही आलं. मी कुणाला काही बोलले नाही.

पुढच्या शनिवारी मामी नेहमीच्या खुर्चीत पट्टी लावून बसल्या होत्या. बँकवाल्या काकांनी हळूच विचारलं, "आज कसं आहे?" मामी क्षीण आवाजात म्हणाल्या, "आहे आपलं." काका उठले आणि मामींच्या बाजूचा पडदा त्यांनी आणखी थोडा ओढला. बसता बसता माझ्याकडे बघून बारीक हसले. शोभायात्रा त्यांनीही पाहिली असणार. पण नियम तो नियम, आणि तो मामींचाच.

माझं त्या दिवशी खरोखर ठणकत होतं. न सांगताच मामींना ते कळलं. त्यांनी आपल्या कपाळावरची पट्टी काढून माझ्या कपाळावर ठेवली आणि वर आपला हात ठेवून बैठक संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या.