उन्हात ठेवलेलं बियाणं

एमएस्सीच्या सेमिनारसाठी मी दोन जीवांची तुलना करत होते: हिमालयात खडकाला चिकटून उशीसारखं वाढणारं एक फुलझाड आणि मातीतला बॅसिलस हा जिवाणू. फुलझाड थंडीवाऱ्यात दाटीवाटीने राहतं, पानापानांत ऊब धरून ठेवतं. बॅसिलस वाईट दिवस आले की स्वतःभोवती जाड कवच करून निजतो. मग त्याला ऊन बाधत नाही, दुष्काळ बाधत नाही. मला बॅसिलसच जास्त आवडायचा.

त्याच आठवड्यात कुंभार पिंपळगावला काकांकडे गेले. पेरणी तोंडावर होती. सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम जिवाणू लावले की मुळांना गाठी येतात, पिकाला हवेतला नत्र मिळतो, हे मीच सांगितलं. घरात मी फारशी बोलत नाही, म्हणून असेल, काका लगेच तयार झाले. गुळाच्या पाण्यात जिवाणूंचं पाकीट कालवलं, साल निघणार नाही अशा बेताने बियाणं चोळलं आणि अंगणात गोणपाटावर उन्हात पसरलं. मातीतलाच जिवाणू, उन्हाला काय भितो, असं मी धरून चालले.

पेरणी झाल्यावर जालन्याला परतताना बसमध्ये रिकामं पाकीट वाचलं. ‘सावलीत सुकवा.’ रायझोबियमला कवच नसतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी बरोबर लिहिलं असतं.

सव्वा महिना कोणाला काही बोलले नाही. काकांचा फोन आला की पिकाचा विषय टाळायचे. शेवटी राहवेना. गेले, आणि काकू खुरपत होती तिथेच एक रोप मातीसकट काढलं. मुळांवर गाठी होत्या. एक नखाने फोडली. आत गुलाबी, म्हणजे जिवंत, कामाला लागलेली.

मी काकूला सगळं सांगून टाकलं. ती हसायलाच लागली.

“अगं माय, तू जेवायला बसली अन् म्या गोणपाट वढून लिंबाच्या सावलीत नेलं, वाळल्यावर पोत्यात भरलं. गूळ लावलेलं बी उन्हात टाकतेत व्हय?”

“मग मला सांगायचं ना!”

“म्हणलं, पोरगी कधी न्हाई ते मनानं काही करून राह्यली. कशाला टोकावं?”

संध्याकाळी काकांनी गाठी पाहिल्या आणि पुढच्या वर्षी तुरीलाही लावू म्हणाले. मी हो म्हणाले. बियाणं सुकवायचं काम मात्र काकूकडे द्या, हेही सांगितलं. आणि का, तेही.