आत्यानं चेहरा दिला नाही

आत्याला भांडायला निमित्त लागत नसे. समोर माणूस असला की पुरे. भाजीवाला, वॉचमन, कंपनीची बस उशिरा आणणारा ड्रायव्हर, कुणाचीच सुटका नव्हती. माझ्याशी तर ती पहिल्याच दिवशी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून भांडली आणि संध्याकाळी वाटीभर कुळथाची पिठी घेऊन दारात उभी. "घे. भांडून भूक लागते गो."

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांसाठी सरकारी योजनेतून बांधलेल्या, कमी भाड्याच्या इमारतीत आम्ही शेजारी होतो; सगळी इमारत तिला आत्याच म्हणायची. मी एका कंपनीच्या प्रयोगशाळेत, आत्या दुसऱ्या कंपनीच्या कँटीनमध्ये. मूळची पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतली. तिच्याकडे रत्ना नावाची भाची राहायची. अबोल पोरगी. बाहेर पडली तर डोळे तेवढे उघडे, बाकी चेहरा ओढणीनं बांधलेला. धुळीमुळे इथे सगळ्याच मुली बांधतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग फाटकावर चेहरा ओळखणारं मशीन बसलं. खोलीतल्या प्रत्येकानं ऑफिसात येऊन चेहरा नोंदवायचा, नाहीतर खोली खाली करायची, असं जाहीर झालं. मी केस विंचरून सगळ्यांत आधी गेले. आत्या मात्र ऑफिसच्या दारातच कडाडली, "माझं थोबाड म्हणजे काय सातबारा हाय, नोंद करायला? आमच्या खोलीतलं कोणच देणार नाय, जा!" लोक हसले. म्हातारीला नजर लागायची भीती वाटत असेल, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. मोठी शहाणी मी!

"घर जाईल आत्या, कशाला हट्ट करता?" असं समजवायला गेले, तर तिनं दार लावून माझं मनगट धरलं.

"रत्नीचा नवरा तिच्या जिवावर उठलाय. ऑफिसात त्या स्क्रीनपुढं बसतो ना, तो त्याचा मावसभाऊ. पोरीचा चेहरा तिथं दिसला की नवरा इथं दारात. तिनं एकटीनं नाय म्हटलं तर संशय येईल. म्हणून मी बोंबलते. म्हातारी येडी हाय, म्हणून सोडतील."

माझी झोपच उडाली. जिन्यात अनोळखी पाऊल वाजलं की मी आधी दाराची कडी लावायचे. एकदा तो मावसभाऊ नोंद राहिलेल्यांची चौकशी करायला स्वतःच वर आला. रत्ना माझ्या मोरीत लपलेली, तोंडावर हात दाबून. बाहेर आत्या त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. शेवटी तो वैतागून उतरला, आणि मी मोरीचं दार उघडून रत्नाला बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन माझा चेहरा काढून टाकायला सांगितलं. कारण विचारल्यावर मीही आवाज चढवला. मग मजल्यावरच्या बायका एकेक करून आपापला चेहरा काढायला आल्या. कुणी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आम्ही सगळ्या मिळून वरच्या साहेबांना गाठलं, चार हेलपाटे घातले, तेव्हा कुठे ठरलं : चेहऱ्याची सक्ती नाही, फाटकाला किल्ली चालेल, घर कुणाचं जाणार नाही.

रत्ना पुढे परगावी नोकरीला लागली. कुठे, ते आत्यानं मलाही सांगितलं नाही. "तुला ठाऊकच नसलं तर तुला विचारून कोण काय करील?"

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले. रत्ना सुखरूप होती, आणि आत्या अजून त्या जड फाटकाच्या कुलुपाशी झटत आत-बाहेर करत होती. मी म्हटलं, "आता तरी देऊन टाका चेहरा. आता कसली भीती?"

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"मी दिला, तर रत्नीसारखी पुढची जी येईल तिला एकटीलाच नाय म्हणावं लागेल गो."