माझ्याविरुद्ध माझीच साक्ष

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी माझ्या सुटकेसला रेल्वेत बांधतात तशी साखळी गुंडाळली, कुलूप लावलं आणि म्हणाले, "कोणावर विश्वास ठेवू नकोस. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आपण बरं, आपलं काम बरं." आईने स्वतः विणलेली चॉकलेटी माकडटोपी हातात कोंबली. एवढ्या बंदोबस्तात मी उडालो. डॅलसला कस्टमवाल्याने बॅग उघडायला सांगितली, तेव्हा कळलं की किल्ली बाबांच्या खिशातच राहिली.

विमानतळावरच्या एका उंच, काळ्या कर्मचाऱ्याने कुठूनसा कटर आणला आणि हसत हसत साखळी कापली. अमेरिकेत मला मदत करणारा तो पहिला माणूस. मी काय केलं? त्याच्यादेखत बॅग उघडून लोणच्याची बरणी, चकल्या, सर्टिफिकेटं सगळं जागेवर आहे ना, ते तपासलं. तो बघत होता. थँक यू म्हणायचं राहूनच गेलं.

त्याला अठरा वर्षं झाली. आता डॅलसजवळच्या प्लेनोत घर आहे, लॉन आहे, दाराला कॅमेरा आहे. बाबा झोपायच्या आधी कडी दोनदा ओढून बघायचे. मी फोनवर बघतो. प्रगती म्हणतात ती हीच.

तिकडे राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही इथे नुसती नोकरी करतो. तसं नाही, आम्ही चर्चाही करतो. महिन्यातून एकदा मराठी मंडळी कोणाकडे तरी जमतात. पावभाजी झाली की व्हिसा, मग घरांचे भाव, मग 'हे लोक'. आमच्यात नाव घेत नाहीत, 'हे लोक' म्हटलं की समजायचं. हे लोक अजून मागे का, हा विषय निघाला की माझ्या अंगात येतं. "आपण दोन बॅगा घेऊन आलो यार! कोणी काही दिलं आपल्याला? शेवटी पर्सनल रिस्पॉन्सिबिलिटी!" कोणी वर्णभेदाचं नाव काढलंच, तर माझा हुकमाचा पत्ता तयार: "अरे, माझा शेजारी वॉल्टर स्वतः ब्लॅक आहे, तोच म्हणतो!"

वॉल्टर खरंच म्हणायचा. निवृत्त गणित शिक्षक, शिस्तीचा. कुंपणावर कोपर टेकून सांगायचा, "मी माझ्या मुलांना कधी सबब सांगू दिली नाही." पुढेही तो काहीतरी सांगत असायचा, पण मला हवं तेवढं मिळालेलं असायचं, मी झाडांना पाणी घालायला वळायचो.

नववीतली माझी सई एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, यू केम विथ टू बॅग्ज अँड अ डिग्री." मी ते हसण्यावारी नेलं. पण डिग्रीवरून पुणं आठवलं. कॉलेजसाठी खोली बघायला गेलो, तर घरमालकांनी आधी आडनाव विचारलं, मग चहा. मला वाटलं, काय ही आपुलकी! माझ्यामागून आलेल्या वर्गमित्राला आडनाव सांगितल्यावर चहा मिळाला नाही आणि खोलीही नाही. बाबांना कळवलं, तर म्हणाले, "आपल्याला काय करायचंय?" ती खोली मी आजवर माझ्या कर्तृत्वात धरत आलोय.

या जानेवारीत वस्तीच्या ऑनलाइन ग्रुपवर कोणाच्या तरी दारावरच्या कॅमेऱ्यातला एक व्हिडिओ आला. धूसर. तोंड झाकलेला एक माणूस, हात पाठीमागे बांधून, घराघरापुढे रेंगाळत, लॉन न्याहाळत चाललेला. खाली लिहिलं होतं, "संशयास्पद इसम. बहुधा ब्लॅक."

याच ग्रुपवर मी परसातली मेथी फुकट देतो म्हणून लिहिलं होतं, तेव्हा कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मी ठोकून दिलं, "मीही पाहिलंय याला. दोनदा. प्लीज बी केअरफुल." पटापट अंगठे आले. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी वस्तीचा झालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोलिसांची गाडी वॉल्टरपाशी थांबली. तो कुत्र्याला फिरवत होता. हात खिशांपासून लांब धरून सावकाश उत्तरं देत होता, फळ्यावरचं उदाहरण एकही पायरी न गाळता सोडवावं तसं. मग त्याने स्वतःच्याच घराकडे बोट दाखवलं. मी गॅरेजच्या खिडकीतून हे सगळं पाहिलं. अध्यात नाही, मध्यात नाही.

आत आलो तर सईने तो व्हिडिओ मोठा करून धरलेला. "बाबा, दॅट्स आजीज कॅप."

बायकोने, मानसीने, वाकून पाहिलं. "अरे, ही तर तुझी शतपावली!"

होती खरी. जेवण झालं की बाबांसारखे हात मागे बांधायचे आणि कोणाचं गवत आपल्यापेक्षा हिरवं आहे ते बघत फिरायचं. त्या माणसाला मी दोनदा सोडाच, एकदाही पाहिलं नव्हतं.

"ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत," मी म्हणालो. "पोलिसांच्या कागदावर नाव नको. विसरतील लोक."

सई चिडली की मराठीत येते. "बाबा, तुमच्या पर्सनल रिस्पॉन्सिबिलिटीचं काय झालं?"

दोन दिवस मी शतपावली हॉलमध्येच घातली. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहिलं, "व्हिडिओतला माणूस मीच. मी कोणालाही पाहिलं नव्हतं, खोटं लिहिलं." सगळे हसले. पोलिसांना फोन केला, तेही हसले, मला 'सर' म्हणाले आणि विषय संपला. अठरा वर्षांची धास्ती दोन मिनिटांत मिटली.

मग टोपी हातात घेऊन वॉल्टरच्या दारात गेलो. तो हसला नाही.

"तू लिहिलंस, मीही पाहिलंय. का?"

"मला वाटलं..."

"वाक्य पुरं कर."

"मला वाटलं, ब्लॅक आहे म्हणतायत, म्हणजे असेलच कोणीतरी तसा."

त्याने टोपीकडे बोट दाखवलं. "मुलांना मी सबब सांगू दिली नाही, हे तू पार्ट्यांमध्ये सांगतोस म्हणे. पुढचं कधी थांबून ऐकलं नाहीस. पोलिसांनी अडवलं की हात कुठे ठेवायचे, तेही मीच शिकवलं. दोन्ही एकाच वयात." दार लावता लावता म्हणाला, "तू टोपी काढलीस आणि सुटलास."

परवा बाबांचा फोन होता. साखळीची ती किल्ली अजून कपाटात आहे म्हणाले. मग नेहमीचं, "शेजारी कसे आहेत रे? जपून राहा."

"बाबा, ते शेजाऱ्यांना विचारायला हवं," मी म्हणालो. त्यांना वाटलं, लाइन खराब आहे.

घर म्हणजे आता काय, असं तुम्ही दोन्हीकडचे मला विचारता. पलीकडून कोणीतरी ज्याच्या कुंपणावर कोपर टेकतो, ते घर, एवढंच मला सुचतं. सध्या माझं कुंपण रिकामं आहे. वॉल्टर दिसला की हात वर करतो, थांबत नाही. मी रोज जेवून बाहेर पडतो, टोपी न घालता. कान गार पडतात. त्याच्या घरापाशी पावलं आपोआप मंदावतात, दाराकडे नजर जाते, आणि मी तिथे रेंगाळतो, अगदी त्या व्हिडिओतल्या इसमासारखा.