वासराचा सिनेमा

लमायचा आवाज ची नावाच्या नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं ओळखत, पण तिला बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. त्या काळात सिनेमे मुके यायचे. डब्यात रिळं आणि सोबत संवादांची एक चोपडी. पडद्यावरच्या माणसांचं बोलणं थेटरातल्या मागच्या खोलीत, एका माइकसमोर बसून, दर खेळाला नव्याने बोलायचं. पुरुषांचे आवाज तिचा नवरा बुनलाय काढायचा. बायका, म्हाताऱ्या, मुलं आणि एखादी मांजर लमायकडे. घोड्याच्या टापांना नारळाच्या करवंट्या होत्या, गडगडाटाला पत्रा. माइक एकच असल्यामुळे दोघांना खांद्याला खांदा लावून बसावं लागे.

लमायला हे काम एका म्हाताऱ्या बाईने शिकवलं होतं. तिने सांगितलेला नियम एकच. "पडद्यावर तोंड उघडलं की ते रिकामं जाऊ द्यायचं नाही. चोपडी हरवली तर मनाचं बोल. खोक, शिंक, देवाचं नाव घे. पण रिकामं तोंड दिसलं ना, की लोकांना कळतं, समोर नुसता उजेड आहे." सोळा वर्षांत लमायने एकही तोंड रिकामं जाऊ दिलं नव्हतं.

थेटर हेंगशेठचं. हेंगशेठ पडद्याकडे कधी बघत नसत. ते मागच्या भिंतीला टेकून कान देऊन उभे राहत. सगळं थेटर कलिंगडाच्या बिया फोडत असे, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा तो आवाज चालू असायचा. लमाय रडायचं बोलू लागली की आधी पुढच्या रांगांतल्या बिया थांबत, मग मधल्या, मग बाकड्यांवरच्या पोरांच्या. खेळ सुटला की शेठ खोलीत डोकावून म्हणत, "थांबल्या गं बिया! बाराव्या मिनिटालाच थांबल्या. काय पोटात घेऊन बसतेस तू?"

सगळ्यात जास्त बिया थांबत त्या वासराच्या सिनेमाला. त्याला नाव काहीतरी मोठं होतं, पण लोक वासराचा सिनेमाच म्हणत. आजारी मुलाच्या औषधासाठी बाप त्याचं पांढरं वासरू विकतो. औषध घेऊन परत येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. शेवटी मुलगा अंथरुणातून विचारतो, वासरू आलं का, आणि बाप खोटंच सांगतो, आलं रे, गोठ्यात बांधलंय. त्या जागी पडद्यावर मुलाचं तोंड तीनदा उघडतं. एकदा "बाबा", एकदा "वासरू आलं?" आणि शेवटी "आता मी झोपतो."

त्या मुलाला लमायने आपल्या मुलाचा, तेंगचा आवाज दिला होता. तेंग सात वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेले. बोलताना फटीतून हवा सुटायची आणि वाक्याच्या शेवटी आवाज थोडा वर जायचा, जणू प्रत्येक गोष्ट तो विचारूनच घेत होता. खेळ चालू असताना तो माइकच्या टेबलाखाली चटईवर पडलेला असे. पहिल्यांदा त्याने ते ऐकलं तेव्हा तो खालून तिच्या लुंगीचा काठ ओढत म्हणाला, "आई, तू माझा आवाज चोरलास."

"चोरला नाही. उसना घेतला."

"मग परत कधी देणार?"

"तुझे दात आले की."

बुनलायने त्याला धंद्याची पहिली शिकवण दिली होती, रिळं आधी, बाकी सगळं मागून. गावोगावी खेळाला जाताना पाऊस आला की तेंग अंगातला सदरा काढून डब्यावर टाकायचा आणि उघड्या अंगाने कुडकुडत उभा राहायचा. कुठेही पोचलं की पहिला प्रश्न ठरलेला, "डबा भिजला नाही ना, बाबा?" बुनलाय उगाच झाकण उघडून आत बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "कोरडा ठणठणीत. साहेबांची परवानगी असेल तर पडदा लावू?"

पुराच्या अखेरीस लमायला ताप भरला होता. नदीपल्याड बुनलायच्या गावी खेळ ठरलेला, म्हणून बाप-लेक दोघेच गेले. नदीच्या मध्यावर वाहत आलेला ओंडका होडीला लागला. होडी कलली. तेंग दुसऱ्या दिवशी दोन गावं खाली सापडला.

बुनलायच्या गावच्या विहारात त्याला ठेवलं तेव्हा केवमावशी, नात्याने बुनलायची आत्या पण साऱ्या गावाची मावशी, लमायच्या कानाशी लागून सांगत राहिली, "देहावर टिपूस पडू देऊ नकोस हं. पोराचा पाय निघणार नाही." लमायने टिपूस पडू दिला नाही. चिता पेटली, विझली, अस्थी वेचल्या, तरी डोळे कोरडे. मग तीच केवमावशी विहिरीवर म्हणाली, "आता रडायला हरकत नव्हती. पण कुणी तिकीट काढल्याशिवाय तिला रडू येत नसेल."

सातव्या दिवशी होडीवाले फानकाका घरी आले. बुनलाय नव्हता. ते उंबऱ्यातच बसले, पाणीही नको म्हणाले.

"पोरी, पोटात राहत नाही म्हणून सांगतो. होडी कलली तेव्हा डबा एका अंगाला घसरला आणि पोर दुसऱ्या. बुनलायचा हात आधी डब्याकडे गेला. मी पाहिलं. मग तो पोराकडे वळला, उडी पण टाकली. पण मग..." ते उठले. "वाईट माणूस नाही गं तो. हातालाच तसं वळण पडलेलं."

"बरं," लमाय म्हणाली.

त्या डब्यात वासराचा सिनेमा होता. तो वाचला होता.

लमायने नवऱ्याला काही विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही. दोघं रोज त्याच माइकसमोर खांद्याला खांदा लावून बसत, एकमेकांवर प्रेम करत, भांडत, एकमेकांच्या मांडीवर मरत, आणि घरी येऊन मुकाट चिकट भात खात. तेंगचा आवाज तिने गळ्याआड बंद करून ठेवला. पडद्यावर मूल आलं की शेजारच्या एका मुलीचा आवाज काढायची. बिया थांबेनाशा झाल्या. हेंगशेठनी मागच्या भिंतीशी उभं राहणं सोडलं.

कधी दुपारी घरात कुणी नसताना ती भाताची टोपली झाकत हळूच म्हणायची, "डबा भिजला नाही ना, बाबा?" आवाज तसाच यायचा. फटीतली हवा, शेवटी वर जाणारा सूर. एवढं एकच त्याचं तिच्यापाशी उरलं होतं, आणि ते तिला बुनलायच्या कानावर पडू द्यायचं नव्हतं. ज्याने डबा धरला त्याने डब्यावर समाधान मानावं, असं तिच्या मनात येई.

शंभरावा दिवस आला. नदीपलीकडे बुनलायच्या गावात विहारात दान होतं आणि संध्याकाळी रीतीप्रमाणे पटांगणात सिनेमा. हेंगशेठ मान खाली घालून म्हणाले, "माझ्याकडे या आठवड्यात एकच डबा आहे, वासराचा. दुसरा खोन केन शहराहून परवा येईल. नको असेल तर पडदा नका लावू. कुणी नावं ठेवणार नाही."

लमाय नको म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात बुनलाय म्हणाला, "हाच नेतो."

होडीत डबा मधोमध ठेवला होता. बुनलाय डब्याच्या एका बाजूला बसला. लमाय दुसऱ्या टोकाला, त्याच्याकडे पाठ करून. फानकाका वल्हं मारत राहिले. वल्ह्याच्या आवाजाखेरीज नदीवर काही नव्हतं.

गावात केवमावशीने स्वागतालाच विचारलं, "शंभराव्याला रडायचा सिनेमा? एखादा गमतीचा भुताचा आणायचा, लोकांना हसायला! हल्ली कुणाला काही पोच राहिली नाही."

"आत्या," बुनलाय म्हणाला, "आज जरा गप्प बस."

दिवेलागणीला पटांगण भरलं. मोठे भंते पायरीवर खुर्ची टाकून बसले. जनरेटर धडधडू लागला. प्रोजेक्टरशेजारी टेबल, माइक आणि चोपडीवर वाकलेला छोटा दिवा. टेबलाखाली कुणीतरी सवयीने चटई अंथरली होती. लमायने ती पायाने बाजूला सारली, मग पुन्हा ओढून घेतली.

सिनेमा सुरू झाला. तिने मुलाला शेजारच्या मुलीचा आवाज दिला. बिया फुटत राहिल्या. बुनलाय चोपडीतलं नीट बोलत होता. पडद्यावर बापाने बाजारात वासरू विकलं, तो वैद्याकडे गेला, पावसातून परत निघाला. लमायने पत्रा हलवून गडगडाट केला. शेवटचं रीळ लागलं. बाप दारात उभा राहिला, अंथरुणाशी आला, खाली बसला. पडद्यावर त्याचे ओठ हलले.

बुनलायने चोपडी मिटली.

"तेंग," तो माइकमध्ये म्हणाला.

पटांगणात कुणीतरी वळून पाहिलं. केवमावशीने हातातल्या बिया मांडीवर टाकल्या.

"तेंग, होडी कलली तेव्हा माझा हात आधी डब्याकडे गेला." सिनेमातला बाप मुलाच्या कपाळावरून हात फिरवत होता आणि बुनलाय त्याच्या ओठांबरोबर अचूक बोलत होता, एक शब्द पुढे नाही, एक मागे नाही. "तुझ्याकडे नाही. डब्याकडे. शंभर दिवस झाले, तुझ्या आईला सांगता येत नाही. माझ्यावर रागावलास का रे?"

पडद्यावर मुलाचं तोंड उघडलं.

ते तसंच मिटलं. प्रोजेक्टरची घरघर तेवढी ऐकू आली. सोळा वर्षांत पहिल्यांदा एक तोंड रिकामं गेलं. तिच्या खांद्याला लागलेला खांदा थरथरत होता. तिच्याजवळ उत्तर तयार होतं. शंभर दिवस तिने ते घोळवून ठेवलं होतं. हो, रागावले आहे. मेल्यावरही रागावलेली राहीन. पण ते तिचं उत्तर होतं, आणि तोंड तिचं नव्हतं.

मुलाचे ओठ दुसऱ्यांदा हलले.

"डबा भिजला नाही ना, बाबा?"

फटीतून हवा सुटली. शेवटचा सूर वर गेला. ते आपण म्हटलं की नाही, हे लमायला स्वतःलाच कळलं नाही. पटांगणातल्या बिया केव्हाच थांबल्या होत्या.

बुनलायचे ओठ माइकला टेकले होते. सिनेमातला बाप वासरू आल्याचं खोटं सांगू लागला. त्याच्या ओठांवर बुनलाय बोलला, "नाही रे. कोरडा आहे. कोरडा ठणठणीत."

तिसऱ्यांदा तोंड उघडलं. ते सगळ्यात लांब होतं, आणि लमायला ते शेवटपर्यंत भरता आलं.

"मग रडतोस कशाला? आता मी झोपतो."

पडद्यावर मुलाने डोळे मिटले. चोपडीत इथे आईचा हंबरडा होता. लमायने माइकला हात लावला नाही. ती टेबलावर डोकं ठेवून रडली, माइकपासून दूर, पण तो इतका जवळ होता की सगळं पटांगणभर गेलं. केवमावशी उठून आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. भंते खुर्चीवरून उठले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले. रीळ संपलं तरी पंख्यासारखं फिरत राहिलं, बंद करायला कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे लमाय विहारातल्या अस्थींच्या कोनाड्यापाशी गेली. पाणी वाहिलं, उदबत्ती लावली. आजूबाजूला कुणी नाही पाहून तिने तेंगच्या आवाजात त्याचं ते वाक्य म्हणून पाहिलं. घशातून आला तो तिचाच आवाज, जाडसर, रात्रभर जागलेला. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग थांबली. दात आले की परत देईन, असं ती म्हणाली होती. उदबत्ती संपेपर्यंत ती तिथे बसून राहिली.

नदीवर फानकाका वाट बघत होते. बुनलायने डबा नेहमीसारखा मधोमध ठेवला आणि तो कडेला बसला. लमाय होडीत उतरली. क्षणभर उभी राहिली. मग वाकून तिने डबा दोन्ही हातांनी ढकलत पार टोकाला नेला, आणि त्याच्या जागी, बुनलायशेजारी बसली.

"घसरेल तिकडे," फानकाका म्हणाले.

"घसरू दे."

होडी निघाली. मध्यावर पाणी जरा हललं. बुनलायने तिचं मनगट घट्ट धरलं, इतकं की दुखलं. तिने सोडवून घेतलं नाही. मागे डबा एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे, फळीवर आपटून वाजला. त्याने वळून पाहिलं नाही.